बाळाच्या दुधातले न्यूक्लिओटाइड: डब्यावरचा आकडा, आईचं दूध आणि वरण-भात

आहारविद्या (सोमवार, सकाळी १०.१५)

फॉर्म्युला दुधाच्या डब्यांवर डीएचएच्या (एक ओमेगा-३ स्निग्ध आम्ल) शेजारी हल्ली ‘न्यूक्लिओटाइडयुक्त’ असं ठळक छापलेलं दिसतं, आणि असा डबा बहुधा महागही असतो. औंध-बाणेर असो की धनकवडी, मेडिकलच्या काउंटरवर आई-वडिलांचा प्रश्न एकच असतो: हे नसलेला डबा घेतला तर बाळाला काही कमी पडेल का? इतर धाग्यांत हा विषय दोन प्रतिसादांत विरून जातो, म्हणून वेगळा धागा काढतेय.

न्यूक्लिओटाइडचे तीन भाग असतात: नायट्रोजनयुक्त बेस, पाच कार्बनची साखर आणि फॉस्फेट. डीएनए आणि आरएनए यांचेच बनतात. पेशीची ऊर्जा वाहणारं एटीपीसुद्धा न्यूक्लिओटाइडच. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी सगळ्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते, म्हणजे मालाची मागणी एकदम वाढते. तान्ह्या बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं आणि आतड्याचं अस्तर तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं. मागणी सगळ्यात जास्त असते ती याच वयात.

तरीही न्यूक्लिओटाइडना जीवनसत्त्वांच्या पंगतीत बसवत नाहीत, कारण शरीर ते स्वतः बनवतं. त्यांना ‘परिस्थितीनुसार आवश्यक’ म्हणतात. परिस्थिती म्हणजे झपाट्याची वाढ, जुलाबाने सोललेलं आतडं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, किंवा आहारच अपुरा असणं.

आईच्या दुधात ते मुळातच असतात. आईच्या दुधातल्या एकूण नायट्रोजनचा जवळजवळ पाव भाग प्रथिनांबाहेरचा असतो आणि त्यातला २ ते ५ टक्के न्यूक्लिओटाइडचा. सुटे न्यूक्लिओटाइड, आरएनएच्या साखळ्या, पेशींमधला साठा असं सगळं धरून मोजलं तर सरासरी लिटरला ७२ मिलिग्रॅम भरतं. हा ७२ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पेशीवाला (सोमवार, सकाळी ११.५०)

चांगला धागा. रसायनाची बाजू मी मांडतो.

शरीर न्यूक्लिओटाइड दोन वाटांनी मिळवतं. एक वाट शून्यापासून बनवण्याची. ग्लुटामिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टेट ही अमिनो आम्लं, कार्बन डायऑक्साइड आणि फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाने आणून दिलेले एक-कार्बनी तुकडे यांतून प्युरिनचं कडं जोडलं जातं (बेस दोन प्रकारचे, प्युरिन आणि पिरिमिडिन). या कामात एटीपी बराच खर्च होतो. दुसरी वाट मोडक्या मालातून परत जुळवण्याची. जुन्या पेशींतून आणि अन्नातून आलेले बेस व न्यूक्लिओसाइड (फॉस्फेट नसलेले न्यूक्लिओटाइड) उचलायचे आणि पुन्हा वापरायचे. ही वाट बरीच स्वस्त पडते.

यकृत पहिली वाट भरपूर वापरतं आणि इतर अवयवांनाही पुरवठा करतं. आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा आणि लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) यांची पहिल्या वाटेची क्षमता मर्यादित असते, त्यांचा भर दुसऱ्या वाटेवर. त्यामुळे अन्नातल्या न्यूक्लिओटाइडचा परिणाम दिसलाच तर तो आतडी आणि प्रतिकारशक्ती याच दोन ठिकाणी दिसतो. हाडं मजबूत होतात किंवा बुद्धी वाढते असं कोणी सांगू लागलं तर त्याला आधी यंत्रणा विचारा.

पचनाचंही सांगतो. अन्नातले न्यूक्लिओटाइड जसेच्या तसे शोषले जात नाहीत. स्वादुपिंडाची न्यूक्लिएज एन्झाइमं साखळ्या तोडतात, आतड्याच्या पृष्ठभागावरचं अल्कलाइन फॉस्फेटेज फॉस्फेट काढतं आणि उरलेलं न्यूक्लिओसाइड आत जातं. आत गेलेल्यापैकी बराचसा भाग आतड्याच्या पेशीतच मोडला जातो. शरीराच्या ऊतींपर्यंत फक्त २ ते ५ टक्के पोचतो. बाळाने प्यायलेलं न्यूक्लिओटाइड त्याच्या मेंदूच्या डीएनएत जाऊन बसतं हे चित्र त्यामुळे चूक आहे. पहिलं गिऱ्हाईक आतडंच.

रानजाई (सोमवार, दुपारी २.२०)

आहारविद्याताई, पेशीवाला, दोघांचेही आभार. आता व्यवहाराचा प्रश्न. समोर एक डबा आहे. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅम पावडरीला न्यूक्लिओटाइड २० मिलिग्रॅम, ऊर्जा ५०० किलोकॅलरी असं आहे. घटकांच्या यादीत शेवटी सायटिडिन ५'-मोनोफॉस्फेट, डायसोडियम युरिडिन ५'-मोनोफॉस्फेट, अ‍ॅडेनोसिन ५'-मोनोफॉस्फेट, डायसोडियम ग्वानोसिन ५'-मोनोफॉस्फेट अशी नावं आहेत. दुसऱ्या कंपनीचा आकडा १०० मिलिलिटरवर आहे, तिसरीचा १०० किलोकॅलरीवर. तुलना करायची कशी? आणि हा माल येतो कुठून? घरी मांसाहार नाही.

दुग्धशास्त्र (सोमवार, सायंकाळी ५.०५)

सगळे आकडे १०० किलोकॅलरीवर आणा, कारण नियम त्याच एककात लिहिलेले असतात.

तुमचा डबा: ५०० किलोकॅलरीला २० मिलिग्रॅम, म्हणजे १०० किलोकॅलरीला ४. तयार दुधात किती? भारतातले बहुतेक डबे ३० मिलिलिटर पाण्याला सपाट एक स्कूप सांगतात. स्कूप साधारण ४.४ ग्रॅमचा आणि त्यातून ३३ मिलिलिटरच्या आसपास दूध होतं. म्हणजे १०० मिलिलिटर दुधात १३.३ ग्रॅम पावडर, २.७ मिलिग्रॅम न्यूक्लिओटाइड. लिटरला २७. पाच किलोचं बाळ दिवसाला किलोमागे १५० मिलिलिटरच्या हिशेबाने ७५० मिलिलिटर दूध पितं. त्याला २० मिलिग्रॅम मिळतात. तेवढ्याच आईच्या दुधातून ५४ मिळाले असते.

युरोपीय संघाच्या नियमात न्यूक्लिओटाइड ऐच्छिक आहेत आणि घातले तर एकूण मर्यादा १०० किलोकॅलरीला ५ मिलिग्रॅम. आत पुन्हा वेगवेगळ्या मर्यादा: सीएमपी (तुमच्या यादीतलं सायटिडिनवालं) २.५, यूएमपी (युरिडिन) १.७५, एएमपी (अ‍ॅडेनोसिन) १.५, जीएमपी (ग्वानोसिन) ०.५, आयएमपी (इनोसिन) १.०. या सगळ्यांची बेरीज ५ च्या वर जाते. म्हणजे प्रत्येक घटक आपापल्या कमाल पातळीला घालता येत नाही, एकूण आकडाही सांभाळावा लागतो.

आता तो ७२. फॉर्म्युल्यात लिटरला ६७० किलोकॅलरी धरल्या तर ७२ मिलिग्रॅम म्हणजे १०० किलोकॅलरीला १०.७. युरोपच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. हा विरोधाभास नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. जुन्या पद्धतीत फक्त सुटे न्यूक्लिओटाइड मोजायचे. ७२ मध्ये आरएनएच्या साखळ्या आणि पेशीही धरल्या आहेत, आणि एकट्या साखळ्यांचाच वाटा जवळजवळ निम्मा आहे. म्हणून ‘आईच्या दुधाइतके न्यूक्लिओटाइड’ असा दावा दिसला की कोणत्या पद्धतीने मोजलं हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

माल येतो यीस्टमधून. यीस्टचा आरएनए काढून न्यूक्लिएज एन्झाइमने तोडतात, मग एकेक न्यूक्लिओटाइड वेगळं करून शुद्ध करतात. काही थेट किण्वनाने बनतात. मांसाहाराचा प्रश्न इथे येत नाही. तो विचारायचाच असेल तर डीएचएबद्दल विचारा, ते माशाच्या तेलाचं असू शकतं किंवा शैवालाचं.

कर्वे_रोड (सोमवार, रात्री ९.३०)

पुराव्याचं बोलू या, कारण पैसे त्यावर मोजायचे.

फॉर्म्युल्यात न्यूक्लिओटाइड घालणं नवीन नाही, जपानमध्ये १९६५ पासून चालू आहे. सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो १९९८ च्या अमेरिकी चाचणीचा. लिटरला ७२ मिलिग्रॅमचा फॉर्म्युला घेतलेल्या बाळांमध्ये हिब (मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा जीवाणू) आणि डिप्थेरियाच्या लसीनंतरची अँटिबॉडी साध्या फॉर्म्युल्यावरच्या बाळांपेक्षा जास्त निघाली. धनुर्वाताच्या लसीत तसा फरक नव्हता. त्याआधी १९९४ मध्ये चिलीतल्या अभ्यासात आणि २००३ मध्ये तैवानमधल्या अभ्यासात जुलाबाचं प्रमाण कमी आढळलं. २००७ च्या मेटा-विश्लेषणाचा (अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र तपासणं) कलही तोच: लसीला प्रतिसाद थोडा चांगला, जुलाब कमी, सर्दी-खोकल्यात फायदा नाही. २०१० च्या एका ब्रिटिश चाचणीत आठ आठवड्यांना डोक्याचा घेर किंचित जास्त दिसला. त्यावरून बुद्धीबद्दल काही म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये फॉर्म्युल्याच्या घटकांचा आढावा घेतला आणि न्यूक्लिओटाइड घालण्याची गरज नाही, असं स्पष्ट म्हटलं. वर दिलेल्या अभ्यासांशी हे विसंगत नाही. अँटिबॉडी थोडी जास्त असणं आणि बाळ कमी आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस वेळेवर दिली तर साध्या फॉर्म्युल्यावरच्या बाळातही संरक्षणापुरती अँटिबॉडी तयार होते.

माझं मत: फॉर्म्युला द्यावाच लागतोय आणि दोन डब्यांच्या किमतीत फरक नाही, तर न्यूक्लिओटाइडवाला घ्या. फरक महिन्याला जाणवेल एवढा असेल तर साधा घ्या आणि बाळाला पूर्ण मापाचं दूध द्या. महागडा डबा पुरवून वापरायचा म्हणून स्कूप अर्धा भरणं हे जास्त घातक आहे. तसं केलं की न्यूक्लिओटाइडच काय, प्रथिनं आणि कॅलरीही कमी पडतात.

सदाशिव_आजोबा (मंगळवार, सकाळी ७.१०)

सुनेला दूध कमी येतं. गाईचं किंवा शेळीचं दूध पाणी घालून दिलं तर? पूर्वी सर्रास देत असत.

आहारविद्या (मंगळवार, सकाळी ८.४५)

आजोबा, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गाईचं नको. त्यात न्यूक्लिओटाइड कमी असतात आणि आहे त्यात मोठा वाटा ऑरोटिक आम्लाचा (न्यूक्लिओटाइड बनतानाचा मधला टप्पा), जे आईच्या दुधात जवळजवळ नसतं. पण खरं कारण ते नाही. लोह अगदी कमी, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड, शिवाय आतड्यातून सूक्ष्म रक्तस्रावाची शक्यता. पाणी घातलं की क्षार कमी होतात, पण कॅलरीही कमी होतात.

शेळीच्या दुधात न्यूक्लिओटाइड गाईपेक्षा जास्त असतात, हे खरं. पण फोलेट फार कमी असतं. फक्त त्यावर ठेवलेल्या बाळांना मोठ्या लाल पेशींचा रक्तक्षय होतो. न्यूक्लिओटाइड बनवायला फोलेट लागतं असं पेशीवाला यांनी वर लिहिलंय, त्याचाच हा परिणाम.

आधी सूनबाईंना स्तनपान सल्लागाराकडे न्या. दिवसात ८ ते १२ वेळा पाजणं, बाळाची पकड दुरुस्त करणं, दोन्ही बाजूंनी पूर्ण पाजणं, एवढ्याने बऱ्याच जणींचं दूध वाढतं. बाळ कमी दिवसांचं असेल तर मातृदुग्ध पेढीची चौकशी करा. पुण्यात ससूनमध्ये पेढी आहे. तिथलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइझ केलेलं असतं.

रानजाई (मंगळवार, सकाळी ११.००)

गरम पाण्यात कालवलं तर न्यूक्लिओटाइड जातात का? डब्यावर कोमट पाणी लिहिलंय, डॉक्टर ७० अंश म्हणतात.

दुग्धशास्त्र (मंगळवार, दुपारी १२.३०)

डॉक्टर बरोबर सांगतायत. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि ते मारायला ७० अंश लागतात. न्यूक्लिओटाइडना त्या तापमानात काही होत नाही. गरमीने मरतात ते प्रोबायोटिक, म्हणजे मुद्दाम घातलेले उपयोगी जिवंत जीवाणू. कंपन्या कोमट पाणी सांगतात त्यामागे बऱ्याचदा तेच कारण असतं. लहान आणि अशक्त बाळासाठी जंतू मारणं महत्त्वाचं.

कृती अशी. आरओचं पाणी असलं तरी एक लिटर खळखळून उकळा. झाकून ठेवा, पण अर्ध्या तासाच्या आत वापरा, त्यानंतर ते ७० च्या खाली जातं. थोडंच पाणी उकळलं तर आणखी लवकर निवतं. आधी निर्जंतुक वाटीत किंवा बाटलीत मोजून पाणी, मग पावडर. स्कूप दाबून भरायचा नाही, डब्याच्या कडेने किंवा स्वच्छ सुरीच्या पाठीने सपाट करायचा. उलट क्रमाने, म्हणजे आधी पावडर टाकून रेषेपर्यंत पाणी भरलं, तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. घट्ट दुधाने बाळाला तहान, बद्धकोष्ठ आणि रक्तात सोडियम वाढण्याचा धोका. नंतर बाटली गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा, दोन तासांच्या आत संपवा. तोंड लावलेलं उरलं तर फेकून द्या.

आहारविद्या (मंगळवार, दुपारी ३.१५)

सहा महिने पूर्ण झाले की चित्र बदलतं, कारण अन्न सुरू होतं. न्यूक्लिओटाइड पेशींत असतात, म्हणून जिथे पेशी दाट तिथे ते जास्त. कलेजी सगळ्यात वर, मग तारली-बांगड्यासारखे मासे, मटण-चिकन, कडधान्यं आणि डाळी, अळंबी. दूध, पनीर, तूप, फळं आणि अंडं यांत अगदी थोडे. अंडं प्रथिनासाठी उत्तम, पण या यादीत ते तळाशी आहे.

वाळलेल्या डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅमला साधारण ५० ते १५० मिलिग्रॅम प्युरिन असतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ दिवसभरात २० ग्रॅम डाळीचं वरण-खिमट खातं असं धरा: १० ते ३० मिलिग्रॅम नुसतं प्युरिनच मिळालं, पिरिमिडिन वेगळे. वर दुग्धशास्त्र यांनी पूर्ण दिवसाच्या फॉर्म्युल्याचा हिशेब २० मिलिग्रॅम दिलाय. तुलना तुम्हीच करा.

खिमटाचं माप: तांदूळ दोन चहाचे चमचे, मूगडाळ किंवा मसूरडाळ दोन चमचे. धुऊन अर्धा तास भिजवा. भिजवलेलं पाणी टाकलं तरी चालेल. पाऊण वाटी ताज्या पाण्यात चिमूटभर हळद घालून कुकरला चार शिट्या. रवीने घोटा, वर अर्धा चमचा साजूक तूप. वर्षाच्या आत मीठ नको. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका. प्युरिन पाण्यात उतरतात, डाळीचं वरचं पाणी काढून टाकलं की तेही जातात. आणि उलट चूकही नको: फक्त वरचं पाणी ‘कढण’ म्हणून पाजायचं आणि डाळ मोठ्यांनी खायची, याने बाळाला कॅलरी मिळतच नाहीत. डाळ घोटून पाण्यासकट द्या.

मांसाहारी घरात कोंबडीची कलेजी पूर्ण शिजवून, बारीक करून, आठवड्यातून एकदा चहाचे एक-दोन चमचे. जास्त नको, अ जीवनसत्त्व फार होतं. मासा ताजा, काटे काढून. खारवलेले सुके मासे लहान बाळाला नकोत.

पेशीवाला (मंगळवार, सायंकाळी ६.४०)

आता मला ज्यासाठी या धाग्यावर लिहायचं होतं तो मुद्दा.

न्यूक्लिओटाइड बाहेरून किती मिळाले यापेक्षा शरीराचा स्वतःचा कारखाना चालतोय का, हे कितीतरी मोठं आहे. त्या कारखान्याला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. बी-१२ नसेल तर फोलेट मिथाइल रूपात अडकून पडतं. मग डीएनएसाठी लागणारं थायमिडिन तयार होत नाही, प्युरिनचं कामही रखडतं. पेशी आकाराने वाढते, पण दुभंगत नाही. रक्ताच्या तपासणीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) वाढलेला दिसतो तो याचमुळे. डब्यातल्या चार मिलिग्रॅम न्यूक्लिओटाइडनी ही तूट भरत नाही, कारण बी-१२ ची मज्जातंतूंमधली कामं वेगळीच आहेत.

पुण्यात हा मुद्दा जास्त लागू होतो. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या मातापोषण अभ्यासात परिसरातल्या गावांमधल्या गरोदर बायकांमध्ये बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. ज्या आयांचं फोलेट चांगलं पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रोध (इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं) जास्त दिसला, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. शाकाहारी घर, दूधही चहापुरतंच, गरोदरपणात लोह-फॉलिकच्या गोळ्या नियमित, बी-१२ कुणी तपासलेलं नाही: असं घर तुम्हाला कुठल्याही पेठेत सापडेल.

आईला कमी तर तिच्या दुधातही कमी. बाळात खुणा बहुधा ४ ते १२ महिन्यांत दिसतात. हसणं-बघणं कमी होणं, बसायला लागलेलं बाळ परत लोळू लागणं, बोटांच्या पेरांवर काळेपणा, विरळ पिंगट केस, हातांची थरथर. यातलं काही दिसलं तर डबा बदलत बसू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. उपचार सोपा आहे, उशीर महागात पडतो. फॉलिकच्या गोळ्या मनाने वाढवू नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जासंस्थेचं नुकसान आत चालूच राहतं.

वरच्या यादीशी हे जोडून बघा. डाळीत न्यूक्लिओटाइड आणि फोलेट आहेत, बी-१२ नाही. दूध-दही-अंड्यात न्यूक्लिओटाइड नगण्य, पण बी-१२ आहे. बाळाच्या वाटीत वरण-भातासोबत घरचं दही किंवा अंडं असलं की दोन्ही बाजू भरतात. बाळंतिणीच्या ताटालाही हेच लागू. तिची पातळी कमी निघाली तर मात्र आहाराने भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधच घ्यावं लागतं.

कर्वे_रोड (मंगळवार, रात्री १०.०५)

पेशीवाला, शंभर टक्के अनुमोदन. जुलाबाबद्दल दोन ओळी जोडतो. जुलाब लागले की ‘न्यूक्लिओटाइडने आतडं भरून येतं’ म्हणून डबा बदलला जातो. त्या वेळी लागतं ते ओआरएस, चालू असलेलं स्तनपान आणि जस्त: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी जस्त पूर्ण चौदा दिवस द्यायचं, इथेच बहुतेक घरं चुकतात.

आणि कायद्याचं. १९९२ चा शिशु दुग्धपर्याय कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची आणि खाद्याची जाहिरात, मोफत नमुने, सवलतीची कुपनं, सगळ्याला बंदी घालतो. डब्यावर बाळाचं चित्रही चालत नाही. दुकानदार ‘दोनवर एक फ्री’ म्हणाला तर ते बेकायदा आहे. दोन वर्षांवरच्या मुलांच्या पावडरी या कायद्याबाहेर पडतात, म्हणून टीव्हीवर त्यांचीच जाहिरात दिसते. घरचं सगळं खाणाऱ्या मुलाला न्यूक्लिओटाइडसाठी त्यांची गरज नाही. त्यांतल्या काहींमध्ये साखर भरपूर असते, घटकांच्या यादीत ती कितव्या क्रमांकाला आहे ते बघा.

रानजाई (बुधवार, सकाळी ९.२०)

शेवटची शंका. मोठ्या मुलाच्या चिप्सच्या पाकिटावर आयएनएस (अन्नात घातलेल्या पदार्थांचे क्रमांक) ६३१ आणि ६२७ आहे. शोधल्यावर डायसोडियम इनोसिनेट आणि ग्वानिलेट निघालं. म्हणजे हेही न्यूक्लिओटाइडच? आणि प्युरिनने युरिक अ‍ॅसिड वाढत नाही का?

पेशीवाला (बुधवार, सकाळी १०.३५)

रेणू तेच, आयएमपी आणि जीएमपी. दोन्हींचं मिश्रण असेल तर आयएनएस ६३५ लिहितात. पण तिथे ते चव खुलवायला असतात आणि सोबत मीठ व तेल येतं. पोषण म्हणून मोजू नका.

युरिक अ‍ॅसिड बनतं ते एएमपी, जीएमपी, आयएमपी या प्युरिनपासून. सीएमपी आणि यूएमपी मोडून ते होत नाही. निरोगी बाळाचं मूत्रपिंड फॉर्म्युल्यातली मात्रा सहज बाहेर टाकतं. डाळ-वरण त्या भीतीने कमी करू नका. काळजी लागते ती लेश-नायहानसारख्या दुर्मीळ जन्मजात विकारात, जिथे बेस परत वापरणारं एन्झाइमच नसतं. अशा बाळाचा आहार तज्ज्ञ ठरवतात. लंगोटावर विटकरी डाग पहिल्या आठवड्यात दिसले तर ते बहुधा युरेटचे स्फटिक असतात आणि बाळाला दूध कमी मिळत असल्याची ती खूण असू शकते. पाजण्याच्या वेळा वाढवा, बाळाची पकड तपासून घ्या. पाचव्या दिवसानंतरही डाग राहिले किंवा दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील तर बाळाला नेऊन वजन करून घ्या.